तारा किती रुंद? प्रकाशाच्या व्यतिकरणाची दीडशे वर्षे

साताऱ्याहून सांगली सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर आहे. सांगलीत कुणी दहा रुपयांचे नाणे उभे धरले आणि मधले डोंगर, मधली हवा, पृथ्वीची गोलाई यांचा विचार क्षणभर सोडला, तर साताऱ्यातून ते नाणे जेवढे दिसेल, साधारण तेवढाच मृग नक्षत्रातला काक्षी हा तांबूस तारा पृथ्वीवरून दिसतो. कोनाच्या भाषेत हे माप एका विकलेच्या विसाव्या भागाएवढे भरते. अंशाचे साठ भाग केले की कला आणि कलेचे साठ भाग केले की विकला, हा हिशेब पंचांग पाहणाऱ्या घरांत आजही माहीत असतो. सूर्याचे बिंब सुमारे १९०० विकला रुंद आहे. काक्षी ०.०४७ विकला. आणि काक्षी हा आकाशातल्या सर्वांत रुंद दिसणाऱ्या मोजक्या ताऱ्यांपैकी एक! चित्रा, श्रवण, मघा हे तारे त्याच्या कितीतरी पट लहान दिसतात.

म्हणूनच दुर्बीण कितीही चांगली असली तरी तारा तिच्यातून टिंबच राहतो. चंद्रावरची विवरे, गुरूचे पट्टे, शनीची कडी दाखवणारी दुर्बीण ताऱ्याकडे वळवली की पाहुण्यांची निराशा होते, हा आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. "मोठी दुर्बीण असती तर दिसला असता का?" असा प्रश्न मग हमखास येतो. त्याचे खरे उत्तर असे की फक्त मोठी दुर्बीण पुरत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची गिरवलीची दुर्बीण २ मीटर व्यासाची आहे. हवा मध्ये आली नसती तरीही तिची मर्यादा ०.०७ विकलेच्या आसपास असती, म्हणजे काक्षीसुद्धा तिला टिंबच. शिवाय हवा असतेच. ती ताऱ्याची प्रतिमा एक-दीड विकलेपर्यंत फासून टाकते.

तरीही आज आपल्याला शेकडो ताऱ्यांच्या रुंदी माहीत आहेत. काहींचे चपटेपण माहीत आहे, काहींच्या पृष्ठभागावरचे डाग माहीत आहेत. हे ज्ञान आले ते मुख्यतः आरसे एकमेकांपासून लांब ठेवून आणि त्यांतला प्रकाश पुन्हा एकत्र आणून. आपल्याकडे खगोलशास्त्रावर मराठीत पुष्कळ आणि चांगले लिहिले गेले आहे, पण या एका पद्धतीबद्दल फार थोडे. ती उणीव मला खटकते, कारण ही पद्धत समजायला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे भौतिकशास्त्र पुरते, आणि तिच्या इतिहासातले काही धागे आपल्याच कृष्णाकाठाजवळून गेले आहेत.

मुळातली कल्पना अशी. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवा आणि त्या झाकणाला दोन चिरा पाडा. ताऱ्याचा प्रकाश दोन्ही चिरांतून आत जातो आणि प्रतिमेच्या जागी दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात. जिथे शिखरावर शिखर येते तिथे उजेड, जिथे शिखरावर दरी येते तिथे अंधार. ताऱ्याच्या टिंबावर बारीक काळे-उजळ पट्टे उमटतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. चिरा एकमेकींपासून जितक्या लांब, तितके पट्टे बारीक. आता तारा खरोखरच टिंब असता तर चिरा कितीही लांब नेल्या तरी पट्टे ठळक राहिले असते. पण तारा ही तबकडी आहे. तिच्या डाव्या कडेचा प्रकाश आपले पट्टे उमटवतो, उजव्या कडेचा आपले, आणि दोघांमध्ये किंचित सरक असते. पट्टे जाड असतात तोवर ही सरक जाणवत नाही. चिरा लांब नेत गेले की पट्टे बारीक होत होत ताऱ्याच्या रुंदीच्या मापाचे होतात, आणि मग एकाचा उजेड दुसऱ्याच्या अंधारावर येऊन सगळेच पुसट होते. पट्टे ज्या अंतरावर नाहीसे झाले ते अंतर मोजा, प्रकाशाची तरंगलांबी १.२२ ने गुणून त्या अंतराने भागा, ताऱ्याची रुंदी हातात येते. तारा दिसलेला नाही, तरी मोजला गेला.

हे सुचले फ्रान्सच्या फिझो या भौतिकशास्त्रज्ञाला, १८६८ मध्ये. पाठोपाठ एदुआर्द स्तेफाँ याने मार्सेय इथल्या ८० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर १८७३-७४ मध्ये प्रयोग केला. प्रत्येक ताऱ्याला पट्टे दिसत राहिले. त्याने त्यातून काढलेला निष्कर्ष मला फार आवडतो: पट्टे पुसले गेले नाहीत, म्हणजे हे सगळे तारे ०.१६ विकलेपेक्षा लहान आहेत. प्रयोग फसला असे तो म्हणाला नाही, त्याने वरची मर्यादा सांगितली. पुढे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन याने १८९१ मध्ये याच युक्तीने कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांची रुंदी मोजली. ताऱ्यांना हात घालायला त्याला आणखी तीस वर्षे लागली.

१९२० साल इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी सांगलीत ज्योतिष संमेलन भरले. पंचांग आकाशाशी जुळत नाही, ते कसे जुळवायचे, हा त्या काळच्या महाराष्ट्रातला गंभीर वाद होता आणि लोकमान्य टिळकांसारखी माणसे त्यात होती. वादाचा गाभा असा की नक्षत्रचक्राचा आरंभ कोणत्या ताऱ्यावरून ठरवायचा. एक पक्ष रेवतीतल्या झीटा पिशियमचा, दुसरा चित्रेचा. दोन्हींच्या हिशेबात सुमारे चार अंशांचा फरक पडतो. टिळक पंचांग रेवती पक्षाचे. चार अंश म्हणजे १४,४०० विकला. वादी-प्रतिवादी दोघेही ताऱ्याला निव्वळ खूण मानत होते. खुणेला जागा असते, रुंदी नसते, आणि त्यांच्या कामाला तेवढे पुरेही होते.

त्याच वर्षीच्या १३ डिसेंबरच्या रात्री कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर मायकेलसनचा सहकारी फ्रान्सिस पीझ काक्षीकडे पाहत होता. तिथली १०० इंची हूकर दुर्बीण तेव्हा जगातली सर्वांत मोठी. पण मायकेलसनला १०० इंच पुरणार नाहीत याची कल्पना होती. म्हणून त्याने दुर्बिणीच्या तोंडावर २० फूट लांबीची पोलादी तुळई आडवी बसवली. तुळईवर चार सपाट आरसे. बाहेरचे दोन सरकते, ते ताऱ्याचा प्रकाश पकडून आतल्या दोघांकडे देत आणि आतले तो खाली दुर्बिणीत सोडत. थोडक्यात, दोन चिरा दुर्बिणीच्या तोंडाबाहेर नेल्या. पीझने बाहेरचे आरसे एकमेकांपासून दूर सरकवत नेले. पट्टे क्षीण होत गेले आणि आरशांतले अंतर १२१ इंच, म्हणजे सुमारे ३.०७ मीटर झाल्यावर नाहीसे झाले. इथे एक शंका सहज येते की पट्टे ताऱ्यामुळे गेले की यंत्र बिघडल्यामुळे? म्हणून त्याच मांडणीत दुसऱ्या लहान ताऱ्यांकडे यंत्र वळवले. त्यांचे पट्टे जागेवर होते. काक्षीची रुंदी ०.०४७ विकला ठरली, आणि सूर्याखेरीज एखाद्या ताऱ्याची रुंदी प्रत्यक्ष मोजली जाण्याची ती पहिली वेळ होती. काक्षी सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षा त्याच्या पोटात जाईल, हे वाक्य आता शाळेच्या पुस्तकांतही असते. त्याचा उगम या तुळईत आहे.

स्वाती, रोहिणी, ज्येष्ठा असे आणखी मूठभर तांबूस राक्षसी तारे मोजून झाले आणि मग काम अडले. पीझने ५० फुटी तुळईचे यंत्र बांधले, पण त्यातून भरवशाची मापे निघाली नाहीत. अडचण दुहेरी होती. दोन्ही वाटांनी येणाऱ्या प्रकाशाचा प्रवास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका समान असावा लागतो, आणि एवढी मोठी तुळई तेवढी ताठ राहत नाही. आणि हवा! हवेचे पुंजके दहा-पंधरा सेंटिमीटरचे असतात, ते एका सेकंदात अनेकदा बदलतात आणि प्रत्येक बदलाला पट्टे इकडून तिकडे उड्या मारतात. मायकेलसनच्या काळी ते टिपायला डोळ्याखेरीज काही नव्हते. डोळ्याने ते टिपले याचेच खरे तर नवल आहे.

पुढची तीस वर्षे जवळजवळ रिकामी गेली. कोंडी फुटली ती अनपेक्षित बाजूने. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन हा रडारवर काम केलेला अभियंता. त्याचा जन्म १९१६ मध्ये निलगिरीतल्या अरुवनकाडूचा. त्याने आणि रिचर्ड ट्विस या गणितज्ञाने सांगितले की प्रकाशलहरी एकत्र आणूच नका. दोन आरसे, दोन प्रकाशसंवेदक, आणि दोन्ही ठिकाणी ताऱ्याची तीव्रता क्षणोक्षणी जी सूक्ष्म कमीजास्त होते तिची तुलना करा. आरसे जवळ असताना दोन्हींकडची चढउतार जुळते. लांब नेले की जुळणी सुटते, आणि ती किती अंतरावर सुटते त्यावरून ताऱ्याची रुंदी. अनेक नामवंत भौतिकशास्त्रज्ञांना हे पटले नाही. प्रकाशकण एकेक करून येतात, दोन वेगळ्या संवेदकांवरचे कण एकमेकांशी "जुळतील" कसे, असा त्यांचा आक्षेप होता. त्या वादातून पुढे क्वांटम प्रकाशशास्त्र नावाची शाखा उभी राहिली. ब्राउन आणि ट्विस यांनी मात्र वाद चालू असतानाच इंग्लंडमध्ये सैन्याचे जुने सर्चलाइटचे आरसे घेऊन व्याध मोजला. १९५६ मध्ये उत्तर आले, सुमारे ०.००६ विकला.

या पद्धतीचा मोठा लाभ असा की तिला प्रकाशाच्या वाटा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या जुळवाव्या लागत नाहीत. काही सेंटिमीटरची चूक चालते आणि हवेची थरथर तिला जवळजवळ लागतच नाही. तोटाही मोठा, तो म्हणजे तारा तेजस्वी आणि तप्त हवा. ऑस्ट्रेलियात नराब्री इथे त्यांनी १८८ मीटर व्यासाचा गोल रूळमार्ग टाकला, त्यावर साडेसहा मीटरचे दोन आरसे फिरवले. प्रत्येक आरसा २५२ लहान षट्कोनी तुकड्यांचा. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात हे काम संपले तेव्हा ३२ ताऱ्यांची मापे झाली होती. मायकेलसनचे तारे लाल आणि फुगलेले होते, हे निळे आणि तप्त. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की ताऱ्यांच्या आयुष्याचे दोन टप्पे समोर येतात.

या ३२ मध्ये चित्रा होती. चित्रा हा एक तारा नाही, चार दिवसांत एकमेकांभोवती फिरणारी ती जोडी आहे, हे वर्णपटावरून आधी माहीत होते. नराब्रीच्या यंत्राने त्या कक्षेची कोनात मोजलेली रुंदी दिली. वर्णपट वेग देतो, वेगावरून किलोमीटरमधली रुंदी निघते. दोन्ही जुळवले की अंतर येते. १९७१ मध्ये ते ८४ पार्सेक म्हणून प्रसिद्ध झाले, सुमारे पावणेतीनशे प्रकाशवर्षे. नंतरच्या उपग्रहमापांनी ते थोडे अलीकडे, अडीचशेच्या आसपास आणले. पन्नास वर्षांपूर्वी सांगलीत जिच्या जागेवरून वाद झाला त्या चित्रेबद्दल आता तिचे अंतर, तिच्यातल्या दोन ताऱ्यांची कक्षा आणि मोठ्या ताऱ्याची रुंदी एवढे सगळे माहीत झाले होते.

प्रकाशाच्या लहरी दोन स्वतंत्र दुर्बिणींतून आणून खरोखर एकत्र करायचे काम फ्रान्सच्या आंत्वान लाबेरी याने १९७४ मध्ये नीस इथे केले. दुर्बिणींत १२ मीटरचे अंतर होते, तारा अभिजित. त्याआधी १९७० मध्ये त्यानेच "स्पेकल" पद्धत दिली होती. मोठ्या दुर्बिणीतून एका सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकी झटपट छायाचित्रे घ्यायची. हवेने फासलेली प्रतिमा एवढ्या वेळात गोठलेल्या ठिपक्यांची दिसते आणि त्या ठिपक्यांत माहिती शाबूत असते. ही पद्धत भारतात रुजली. तमिळनाडूत कावलूरच्या २.३४ मीटर वेणू बाप्पू दुर्बिणीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ती वापरली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूहून वेगळी वाट धरली. चंद्र ताऱ्याला झाकतो त्या क्षणी ताऱ्याचा उजेड कसा मावळतो ते अतिवेगाने नोंदवायचे आणि त्यावरून रुंदी काढायची. या दोन्ही वाटांवर भारतातले काम भक्कम आहे. लांब अंतरावरच्या दोन दुर्बिणी जोडणारा प्रकाशीय इंटरफेरोमीटर, म्हणजे व्यतिकरणाने मोजणारे यंत्र, मात्र भारतात आजवर उभा राहिलेला नाही.

हे वाचून कुणीही विचारेल की मग खोडदचे काय? जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही दुर्बीण म्हणजे इंटरफेरोमीटरच. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे ते काम आहे. पण ती रेडिओलहरींची आहे आणि हा फरक मुळापासूनचा आहे. रेडिओलहर तबकडीत आली की तिचे विद्युतसंकेतात रूपांतर होते, तो वाढवता येतो, त्याच्या प्रती काढता येतात, २९ जोडीदारांना वाटता येतो, साठवून उद्या जुळवता येतो. दृश्य प्रकाशाची लहर अशी नोंदवता येत नाही. तिला आरशांवरून, निर्वात नळ्यांतून, प्रत्यक्ष वाहून आणावे लागते आणि त्याच क्षणी जुळवावे लागते. प्रत्येक वाटणीत ती क्षीण होते. त्या बदल्यात प्रकाशाची तरंगलांबी अतिशय लहान. २१ सेंटिमीटरच्या लहरीवर २५ किलोमीटर पसरलेल्या जीएमआरटीची सूक्ष्मता पावणेदोन-दोन विकलांची. माउंट विल्सनवरचा चारा हा प्रकाशीय संच जेमतेम ३३१ मीटरचा, सहा दुर्बिणी, प्रत्येकी एक मीटरची. त्याची सूक्ष्मता विकलेच्या दोन हजाराव्या भागाहूनही बारीक.

रेडिओवाल्यांकडून प्रकाशवाल्यांनी एक गोष्ट मात्र उचलली आणि तिने सगळे बदलले. रॉजर जेनिसन याने १९५८ मध्ये दाखवले होते की तीन दुर्बिणी घेतल्या आणि पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली अशा तिन्ही जोड्यांतली सरक एकत्र बेरजेला धरली, तर प्रत्येक दुर्बिणीवरच्या हवेने केलेली चूक एका जोडीत अधिक आणि दुसऱ्या जोडीत उणे येऊन कटते. उरते ते ताऱ्याचे. दोन दुर्बिणींतून रुंदी मिळते, तिसरी आली की चित्र काढता येते.

हे प्रकाशाच्या बाबतीत करून दाखवणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत श्रीनिवास कुलकर्णी आहेत. जन्म १९५६, गाव कुरुंदवाड. सांगलीपासून जेमतेम वीस किलोमीटरवरचे, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे. घर कन्नडभाषक, बालपण पुढे हुबळीला. पल्सार, तपकिरी बटू आणि गॅमा-किरणांचे स्फोट यांवरच्या कामामुळे ते जगभर ओळखले जातात, २०२४ चा शॉ पुरस्कारही त्यांना मिळाला. त्यांच्या इंटरफेरोमेट्रीच्या कामाचा उल्लेख मात्र आपल्याकडे क्वचित होतो. कॅल्टेकमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस नाकाजिमा, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी पालोमारच्या ५ मीटरच्या दुर्बिणीवर छिद्रे पाडलेला मुखवटा बसवला. ५ मीटरच्या आरशाचा बहुतेक प्रकाश अडवायचा, हे ऐकायला विपरीत वाटते. पण छिद्रांची मांडणी अशी की कोणत्याही दोन छिद्रांमधले अंतर आणि दिशा दुसऱ्या जोडीशी सारखी येऊ नये. त्यामुळे प्रत्येक जोडीचे पट्टे वेगळे ओळखता येतात आणि तिघा-तिघांच्या बेरजेने हवा वजा होते. १९८९ मध्ये या गटाने दोन जोडताऱ्यांची अशी चित्रे प्रसिद्ध केली. लेखकांच्या यादीत अँड्रिया गेझ या तेव्हाच्या विद्यार्थिनीचे नाव आहे. आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराच्या कामासाठी २०२० चे नोबेल मिळाले त्या याच. आज जेम्स वेब अवकाश दुर्बिणीतल्या एका उपकरणात सात छिद्रांचा असा मुखवटा बसलेला आहे.

पालोमारवर पुढे ११० मीटर अंतराचा चाचणी-इंटरफेरोमीटर चालला, १९९५ ते २००८. कुलकर्णी त्याही कामात होते. त्याच्या दुर्बिणी अवघ्या ४० सेंटिमीटरच्या, आपल्याकडच्या एखाद्या हौशी संस्थेलाही झेपतील अशा. त्यानेच २००१ मध्ये श्रवण तारा गोल नसल्याचे मोजले. सुमारे नऊ-दहा तासांत स्वतःभोवती फिरणारा हा तारा विषुववृत्तावर फुगला आहे. २००७ मध्ये चाराने त्याचे चित्रच काढले. फुगलेल्या पट्ट्यात तो थंड आणि मंद, ध्रुवांकडे उजळ. मघा त्याहून चपटी निघाली. तिचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासापेक्षा सुमारे एक-तृतीयांश जास्त. अभिजित तर आपल्याकडे ध्रुव रोखून वेगाने फिरतो आहे हे कळले. तेजस्विता मोजण्यासाठी पिढ्यानपिढ्या ज्याला प्रमाण मानले त्याचे तेज कोणत्या बाजूने पाहता त्यावर अवलंबून आहे, हे कळणे खगोलशास्त्राला चांगलेच हलवून गेले.

माझ्या मते या पद्धतीचे सर्वांत देखणे यश एप्सिलॉन ऑरिगीचे आहे. सारथी समूहात, ब्रह्महृदयाच्या शेजारी, नुसत्या डोळ्यांना दिसणारा हा तारा दर २७ वर्षांनी मंद होतो आणि दीड-दोन वर्षे मंदच राहतो. त्याच्यापुढून जाते काय, हा प्रश्न शंभरेक वर्षे लोंबकळत होता. २००९ ते २०११ च्या ग्रहणात चाराने ताऱ्याच्या बिंबावरून सरकणारी एक काळी, चपटी, धुळीची तबकडी चित्रात पकडली. वाद तिथेच मिटला.

काक्षीचे प्रकरण अजून चालू आहे. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तो इतका मंदावला की मृगाकडे नेहमी पाहणाऱ्या कुणालाही साध्या डोळ्यांनी फरक दिसावा. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणींच्या प्रतिमांत आणि मापांत त्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली, हे स्पष्टीकरण बहुतेकांना मान्य आहे. २०२५ मध्ये जेमिनी दुर्बिणीवरच्या स्पेकल निरीक्षणांतून काक्षीला अगदी लगत एक सहचर तारा असल्याची खूण दिसल्याचे जाहीर झाले. खूण पुसट आहे, पक्की व्हायची आहे.

व्हीएलटीच्या ८.२ मीटरच्या चारही दुर्बिणी जोडणाऱ्या ग्रॅव्हिटी उपकरणाने मे २०१८ मध्ये आकाशगंगेच्या केंद्राजवळचा एस-२ तारा कृष्णविवराला वळसा घालताना पाहिला. १६ वर्षांची कक्षा, सर्वांत जवळच्या क्षणी सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेग. आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सांगितलेले लालसरण, म्हणजे गुरुत्वामुळे प्रकाशाचे लालीकडे सरकणे, त्या ताऱ्याच्या प्रकाशात मोजले गेले. याच उपकरणाने एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचा एक ग्रह थेट टिपल्याचे पुढच्या वर्षी जाहीर झाले.

हरवलेलेही सांगायला हवे. हवाईवरच्या केकच्या दोन १० मीटर दुर्बिणी जोडणारा इंटरफेरोमीटर २०१२ मध्ये बंद झाला. त्याच्या जोडीला लहान दुर्बिणी उभारायच्या होत्या, पण मौना केआ हे मूळ हवाईवासीयांचे पवित्र शिखर आहे, त्यांचा विरोध झाला आणि त्या उभ्या राहिल्या नाहीत. अवकाशात इंटरफेरोमीटर पाठवण्याची सिम ही अमेरिकी मोहीम, जिच्याशी कुलकर्णीही संबंधित होते, २०१० मध्ये रद्द झाली.

भारताने काय करावे यावर माझे मत स्पष्ट आहे. चार महिन्यांच्या पावसाळ्यामुळे सह्याद्रीवर किंवा दख्खनवर मोठा प्रकाशीय संच उभारण्यात अर्थ नाही. जागा लडाखमधल्या हान्लेची, साडेचार हजार मीटर उंचीवरची. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली २१ मीटरची मेस दुर्बीण गॅमा-किरणांसाठी आहे, पण तिच्या जातीच्या दुर्बिणी हॅनबरी ब्राउनच्या पद्धतीला नेमक्या चालतात. अमेरिकेत व्हेरिटासच्या चार दुर्बिणींनी हे करून दाखवले. २०२० मध्ये त्यांनी मृगाच्या बाणातल्या मधल्या ताऱ्याची रुंदी ०.०००६३ विकला असल्याचे प्रसिद्ध केले. चांदण्या रात्री, गॅमा-किरणांचे काम होत नाही तेव्हा, याच आरशांनी हे जमते. मेसला जोडीदार दुर्बीण मिळाली तर भारतात ताऱ्यांच्या रुंदी मोजण्याचा हा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग ठरेल. तिकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया येते आहे, चार किलोमीटरच्या दोन भुजांचे. गुरुत्वलहरींसाठी असले तरी गाभ्यात ते मायकेलसनचेच यंत्र. आयुकातल्या संजीव धुरंधर यांच्यासारख्यांनी ज्या कामाची बौद्धिक पायाभरणी केली ते यंत्र चालवणारी माणसे मराठवाड्यात तयार होतील तेव्हा लेसरने वाटा मोजण्याचे, निर्वात नळ्यांचे, कंपने रोखण्याचे कसब महाराष्ट्रातच असेल. ताऱ्यांच्या इंटरफेरोमीटरला लागते तेही तेच.

आणि सातारा-सांगलीत काय? सांगलीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ चे, काक्षी मोजला गेला त्याच्या आदल्या वर्षीचे. दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत बी.एस्सी.चे विद्यार्थी सोडियमच्या दिव्यापुढे मायकेलसनचा इंटरफेरोमीटर चालवतात, पट्टे मोजतात, जर्नल भरतात आणि तो प्रयोग तिथेच संपतो. तो आकाशापर्यंत न्यायला फार खर्च नाही. आठ इंची दुर्बीण, काळा जाड पुठ्ठा, धारदार ब्लेड. काक्षी एवढ्याशा साधनात येणार नाही, त्याला तीन मीटर हवेत. पण जोडतारे येतात. कन्या राशीतला गॅमा व्हर्जिनिस, म्हणजे पोरिमा, चित्रेपासून फार लांब नाही. त्यातले दोन्ही तारे जवळजवळ सारख्याच तेजाचे आहेत, आणि या प्रयोगाला तेच हवे असते. २००५ मध्ये ते एकमेकांच्या अगदी जवळ आले होते, ०.४ विकलेपर्यंत. आता त्यांच्यात सव्वातीन विकलांच्या आसपास अंतर आहे. अशा जोडीसाठी पट्टे पहिल्यांदा नाहीसे होतात ते चिरांमधले अंतर तरंगलांबीला ताऱ्यांमधल्या कोनाच्या दुपटीने भागून येते, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास. चिरांची जोडी दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने हवी. पुठ्ठा फिरवत नेला की पट्टे एका दिशेला पुसले जातात आणि तिच्याशी काटकोनात परत ठळक होतात, त्यामुळे दिशाही मोजून मिळते. प्रत्येक चीर लांबट कापावी म्हणजे उजेड पुरतो, आणि हिरवी फिल्टरकाच लावली तर पट्टे स्वच्छ दिसतात.

जागा निवडताना कृष्णाकाठ टाळावा. थंडीत नदीच्या खोऱ्यात धुके साचते, त्यातच ऊसगाळपाच्या हंगामाचा धूर. माण, खटाव, आटपाडी, जत या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत आकाश जास्त स्थिर आणि काळे मिळते. मार्च-एप्रिलमध्ये कन्या रास रात्री पुरेशी वर आलेली असते आणि वळवाचे ढग अजून यायचे असतात. पोरिमाचा फेरा सुमारे १६९ वर्षांचा आहे आणि सध्या तिचे तारे एकमेकांपासून दूर जात आहेत. त्यामुळे दरवर्षी पट्टे पुसले जाण्यासाठी चिरा थोड्या जवळ आणाव्या लागतील. एखाद्या महाविद्यालयाने दर वसंतात हे माप घेऊन वहीत लिहून ठेवले, तर दहा वर्षांत त्या वहीत एका कक्षेचा तुकडा जमा होईल, विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेला.